पाखराच्या गालावरची तीट

मित्रांनो, मला टेबलावर ठेवून बघाल तर काहीच कळणार नाही. एक काळपट, गुळगुळीत, चौकोनी तुकडा दिसेल आणि तुम्ही म्हणाल, हा काय कचरा ठेवलाय! जरा उजेडाकडं धरा मला. दिसलं आता? आभाळ काळं, फांदी पांढरी, आणि फांदीवर एक पाखरू. मी एक जुनी निगेटिव्ह आहे. गोरं ते माझ्यात काळं दिसतं आणि काळं ते गोरं, आमची जातच तशी उफराटी. आता आणखी नीट बघा. पाखराच्या गालावर सुईच्या टोकाएवढं एक भोक आहे. त्या भोकापायी काय काय झालं ते ऐकलंत तर तोंडात बोट घालाल. इतकी वर्षं झाली, पण मी अजून त्या धक्क्यातून सावरलेले नाही.

कोल्हापुरात शिवाजी पेठेत फक्रुद्दीनचा फोटो स्टुडिओ होता. तिथल्या कपाटात एका रोलाच्या गुंडाळीत आम्ही बारा बहिणी अंधारात पडून होतो. आमचं नशीब ठरल्यासारखंच होतं. पेठेतली लग्नं, तालमीतल्या पैलवानांचे दंड फुगवून काढलेले फोटो, फुटबॉलच्या टीमा, आणि बारशाची लेकरं. यातलं काहीतरी आमच्या वाट्याला येणार, असंच मला वाटायचं. समुद्राचं तर नावही कधी कानावर आलं नव्हतं.

पण एके दिवशी आकाराम मास्तर स्टुडिओत आले. मूळचे ते पेठेतलेच, नोकरीला गारगोटीच्या शाळेत. माणूस साधा, पण पाखरांचा भारी नाद! वर्गात फळ्यावर गणित अर्धं टाकून खिडकीबाहेरच्या पाखराकडं बघत उभे राहायचे म्हणे. त्यांचा मेहुणा केरबा तिकडं अंदमानात सरकारी बोटीवर कामाला होता. त्यानं सुट्टीत बोलावलं होतं. मास्तर फक्रुद्दीनला म्हणाले, "गड्या, तुझा त्यो दोन डोळ्यांचा कॅमेरा दे की. आयुष्यात एकदाच जायला मिळतंय बघ."

फक्रुद्दीन दिलदार माणूस. "न्या की मास्तर. पर समुद्रात टाकून येऊ नका म्हंजे झालं!" असं म्हणून त्यानं कॅमेरा काढून दिला आणि आमचा रोल आत भरला. ही गोष्ट आहे एकोणीसशे अडुसष्टच्या सुमाराची.

मग काय सांगू! आधी रेल्वे, मग मद्रासहून आगबोट. कॅमेऱ्याच्या पोटात गुंडाळून बसलेली मी, नि खाली जमीन म्हणून ती डुलतेय. माझ्या आधीच्या बहिणी एकेक करून खर्ची पडल्या. एक आगबोटीच्या कठड्यावर गेली, एक नुसत्या पाण्यावर गेली, दोघी केरबाच्या पोराबाळांवर गेल्या. पाखरांचे फोटो काढायला गेले तेव्हा तर मास्तरांचा हात इतका कापला, की तिघीचौघींच्या अंगावर फक्त धुरकट पानं उमटली.

शेवटी केरबा त्यांना बोटीतून एका लहानशा बेटावर घेऊन गेला. बेटाचं नाव मी सांगणार नाही. विचारू पण नका. का सांगणार नाही ते पुढं कळेल.

तिथं माणसाची वस्ती नव्हती. गर्द झाडी, पायाखाली ओली पानं, आणि एका आडव्या फांदीवर ते पाखरू बसलेलं. आकारानं कबुतराएवढं. अंग गर्द, डोकं नि गाल पांढुरके, डोळा गोल. मास्तर दबकत दबकत पुढं निघाले. आता उडेल, मग उडेल, असं मला वाटत होतं. कुठलं काय! ते बसूनच. मास्तर अगदी हात लांब केला तर पोचेल इतके जवळ गेले. पाखरानं मान वाकडी केली आणि त्यांच्याकडं बघत राहिलं. माणूस म्हणजे काय असतं हे त्या बिचाऱ्याला ठाऊकच नव्हतं.

"केरबा," मास्तर कुजबुजले, "हे भ्यालं कसं न्हाई रं?"

"भ्यायला त्याला कुणी शिकवलंयच न्हाई की दाजी," केरबा म्हणाला.

तेवढ्यात कॅमेऱ्याचा डोळा उघडला. लख्ख उजेड माझ्या अंगावर आला आणि क्षणात पुन्हा अंधार झाला. माझा खरा जन्म तो. माझ्या अंगात पाखरू येऊन बसलं होतं, पण ते उमटायचं होतं अजून. मास्तरांनी भराभर पुढची बहीण फिरवली, तर पायाखाली काटकी मोडली आणि पाखरू भुर्र झालं. ती पुढची बहीण कोरी फांदीच घेऊन बसली. म्हणजे त्या पाखराची अशी मी एकटीच.

कोल्हापुरात परत आल्यावर फक्रुद्दीननं काळ्याकुट्ट खोलीत आम्हाला औषधाच्या पाण्यात घोळवलं, धुतलं, दोरीला चिमट्यानं टांगलं. वाळल्यावर त्यानं मला खिडकीकडं धरलं आणि ओरडलाच, "अरे बाप रे! मास्तर, ह्ये तर तुमच्याकडं बघतंय!" मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी मला हातसुद्धा लावला नाही, घाबरून. त्यांना एकच गोष्ट पाहिजे होती, की या पाखराचं नाव काय ते कळावं. मोठा फोटो करून तो मुंबईला पाखरांच्या एका जाणकार साहेबांकडं पाठवायचा असं ठरलं.

आता चाँदबीबद्दल सांगायला पाहिजे. चाँदबी म्हणजे फक्रुद्दीनची बायको. स्टुडिओतलं रिटचिंगचं काम तिचं. खिडकीशी उतरतं मेज, त्यात काच, काचेवर निगेटिव्ह. टोकदार पेन्सिलीनं ती नवरीच्या गालावरचे पुरळ घालवायची, म्हाताऱ्याच्या सुरकुत्या कमी करायची. हात इतका हलका की आम्हाला गुदगुल्या व्हायच्या. आणि तिची आणखी एक रीत होती. बारक्या लेकरांना आया फोटोसाठी नटवून आणायच्या. न्हाऊमाखू घालताना, टोपडं बांधताना गालावरची काजळाची तीट पुसून जायची. मग आई मागनं हळहळायची, माझ्या लेकराला दृष्ट लागंल. म्हणून चाँदबी सुईनं निगेटिव्हच्या गालावर बारीकसं खरवडायची. निगेटिव्हवर तेवढी जागा पारदर्शक झाली, की फोटोत तिथं काळा ठिपका उमटतो. झाली तीट! हिंदूचं असो, मुसलमानाचं असो, त्या स्टुडिओतून बिनतिटेचं लेकरू कधी बाहेर पडलं नाही. अख्ख्या पेठेत याचं कौतुक होतं.

तर त्या दिवशी मास्तरांचं पाखरू बघायला शेजारपाजारची माणसं लोटली. जो तो मला उजेडाला धरून म्हणतोय, "आगागागा! काय पाखरू, काय पाखरू!" चाँदबी बघत होती. माणसं गेल्यावर तिनं मला मेजावर घेतलं, धूळ झटकली, एक ओरखडा पेन्सिलीनं मिटवला. आणि मग माझ्याकडं बघून ती म्हणाली, "या अल्ला, एवढ्या लांबनं आलंय लेकरू. सगळ्यांच्या नजरा पडल्या. आता मुंबईला जाणार, तिथं आणि कुणाकुणाच्या पडायच्या."

आणि तिनं सुई उचलली!

बया गं! मला वाटलं, ही सुई काय करतेय माझ्याजवळ? लेकराचं काम दुसऱ्या निगेटिव्हवर असेल, चुकून मला घेतलं असेल. मी ओरडणार तरी कशी? पाखराच्या पांढुरक्या गालावर सुईचं टोक टेकलं, खर्र झालं, आणि माझ्या अंगाचा तेवढा कण उडून गेला. पेन्सिलीचं काम पुसता येतं हो, पण सुईचं काम पुसता येत नाही. चाँदबीनं मात्र फुंकर मारली, बोटं स्वतःच्या कानशिलांवर मोडली, आणि समाधानानं मला पाकिटात ठेवलं. तिच्या मनात माया सोडून दुसरं काही नव्हतं. करायला गेली गणपती, नि झाला मारुती!

फक्रुद्दीननं मोठा फोटो काढला. मास्तरांनी तो बघितला आणि कपाळाला आठी घातली. "आरं, ह्याच्या गालावर ठिपका हाय की! मला कसा दिसला न्हाई?"

फक्रुद्दीनला वाटलं, पाखराचाच असेल; पाखराला कुणी तीट लावेल हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. "तुम्ही गडबडीत हुता मास्तर."

"व्हय, व्हय. डोळा चुकंल, पर कॅमेरा कसा चुकंल?" मास्तर म्हणाले. तेच वाक्य पुढं ते सगळ्यांना सांगत सुटले. शाळेतल्या पाखरांच्या जाड पुस्तकात त्यांनी बघितलं. हुबेहूब तसलं एक पाखरू त्यात होतं, त्याच समुद्रातल्या बेटांवरचं, दुर्मीळ म्हणून लिहिलेलं. पण त्याच्या गालावर ठिपका नव्हता. मास्तरांच्या मनात आलं, म्हणजे हे कुणाला न सापडलेलं पाखरू की काय!

मुंबईच्या साहेबांचं उत्तर आलं. असा पक्षी आजवर कुणी नोंदवलेला नाही. बेट नेमकं कुठलं ते कळवावं, आणि एखादा नमुना घेतला तर खात्री होईल. मास्तरांनी तो कागद स्टुडिओत मोठ्यानं वाचून दाखवला. आणि इथं दुसरा घोटाळा झाला. नमुना म्हणजे मास्तरांना वाटलं, एखादं गळालेलं पीस. शाळेत ते पोरांना पानांचे, बियांचे नमुने गोळा करायला लावायचे, तसंच काहीतरी. त्यांनी बेटाचा नकाशा काढून पाठवला आणि खाली लिहिलं, नमुना जरूर घ्यावा. आम्हाला कुणालाच त्याचं काही वाटलं नाही.

मग वर्तमानपत्रात आलं. मास्तरांचा फोटो, शेजारी पाखराचा फोटो. त्या पाखराला मास्तरांचं नाव देणार अशी हूल उठली. पेठेला तर काय, ईदेचा नि शिमग्याचा आनंद एकदमच झाला! तालमीच्या बाळासोनं सत्कार ठरवला. बाळासो म्हणजे तालमीचा पुढारी, आवाज असा की माईकची गरज नाही. मुंबईहून पाहुणे बोलावले डॉक्टर सबनीस, त्या मोठ्या साहेबांचे हाताखालचे. पाखरांचे डॉक्टर येणार म्हटल्यावर एक म्हातारा त्यांना दारातच गाठून विचारत होता, "पावणं, माझी म्हस गाभण ऱ्हाईना झालीया, जरा बघता का?"

तालमीचा हॉल गच्च भरला होता. स्टेजच्या मागं माझा फोटो दरवाजाएवढा मोठा करून लावला होता. गालावरची तीट रुपयाएवढी झाली होती. मी फक्रुद्दीनच्या खिशात, पाकिटात होते, कारण सबनीसांनी मूळ निगेटिव्ह बघायला मागितली होती. मास्तरांच्या गळ्यात हार, अंगावर शाल. चाँदबी बायकांच्या बाजूला पुढंच बसली होती. तिला वाचता येत नव्हतं, आणि पेपरात ठिपक्याचं काय छापलंय ते तिला कुणी सांगितलंही नव्हतं. मास्तरांनी नवं पाखरू शोधलं, एवढंच तिला ठाऊक.

सबनीस उठले. त्यांनी बरोबर एक चपटी लाकडी पेटी आणली होती. म्हणाले, "मी कोल्हापूरकरांसाठी एक भेट आणली आहे. आमची तुकडी गेल्या महिन्यात त्या बेटावर जाऊन आली." आणि त्यांनी पेटीचं झाकण उघडून पेटी लोकांकडं वळवली.

आत कापसावर चार पाखरं होती. ओळीनं, उताणी. पाय दोऱ्यानं बांधलेले. डोळ्यांच्या जागी कापूस.

पाठीमागून एक बाई बोलली, "अगं बाई, मेलीत की गं!"

मास्तर खुर्चीतून उठले. "ही… कुणी मारली?"

"मारली म्हणजे, हे नमुने आहेत," सबनीस शांतपणे म्हणाले. माणूस वाईट नव्हता, त्याचं ते रोजचं काम होतं. "बंदुकीची फारशी गरजच पडली नाही हो. पक्षी उडतच नाहीत. जवळ जाऊ देतात."

"अवो पर मी…"

"तुम्हीच तर लिहिलंत गुरुजी, नमुना जरूर घ्यावा."

मान वाकडी करून बघणारं ते पाखरू मला आठवलं आणि मी पाकिटातल्या पाकिटात थिजून गेले. पाखरांनी काय केलं होतं कुणाचं? चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथं तर चोरच नव्हता.

आणि सबनीस पुढं बोलतच होते. "गंमत अशी, की या चारांपैकी एकाच्याही गालावर ठिपका नाही." त्यांनी काठीनं मागच्या मोठ्या फोटोतला ठिपका दाखवला. "हे चारही जुन्याच, माहीत असलेल्या जातीचे आहेत. म्हणजे गुरुजींचा ठिपकेवाला पक्षी त्याहून दुर्मीळ. काळजी नको. या हिवाळ्यात आम्ही मोठी तुकडी घेऊन जातोय. बेट लहान आहे. सगळं बेट पिंजून काढू, पण ठिपकेवाला मिळवूच!"

आणि मित्रांनो, बाळासोनं टाळ्या वाजवल्या! त्याच्या मागोमाग अर्ध्या हॉलनं वाजवल्या. नसलेला ठिपका शोधायला सगळ्या बेटावरची पाखरं पाडणार, आणि माणसं टाळ्या पिटतायत! माझ्या तर कानांवर माझा विश्वास बसेना.

सबनीसांनी मला मागितलं. फक्रुद्दीननं पाकिटातून काढून दिलं. त्यांनी मला दिव्याकडं धरलं, डोळ्याला बारीक भिंग लावलं. आता ह्या शिकल्यासवरल्या माणसाला दिसेल, मला वाटलं. दिसेल की हे खरवडलंय. पण माणूस जे शोधायला निघतो तेच त्याला सापडतं. "इथंही आहे! स्पष्ट आहे. मंडळी, माणूस खोटं बोलेल, निगेटिव्ह खोटं बोलत नाही."

शरम वाटली हो मला. जिवंतपणी गाडून घ्यावंसं वाटलं.

तेवढ्यात चाँदबीनं शेजारणीला विचारलं, "ठिपका? कसला ठिपका म्हणत्यात?" शेजारणीनं फोटोकडं बोट दाखवलं. चाँदबी बघत राहिली. मग तिचा चेहरा उतरत गेला. ती उभी राहिली, डोक्यावरचा पदर घसरला तरी तिला कळलं नाही.

"अवो पावणं," ती ओरडली, "त्यो ठिपका न्हवं! ती तीट हाय! माझी तीट!"

कुणीतरी फिसकन हसलं. फक्रुद्दीन स्टेजवरूनच म्हणाला, "अगं गप की, चारचौघांत काय बोलतीस!"

"गप कशी बसू? चार जीव गेलं की वं!" ती पायऱ्या चढून स्टेजवर आलीसुद्धा. "लेकरांस्नी लावतो तशी लावली मी. सुईनं. त्याला दृष्ट लागू ने म्हणून लावली. मला काय ठावं, तुमी ती बंदुका घिऊन हुडकत फिराल म्हणून!"

सबनीस हसले. कंटाळून हसतात तसं. "बाई, हे काय लहान मुलाचं चित्र आहे?"

"पटत न्हाई? आणा ती हिकडं." चाँदबीनं पोलक्याची पिन काढली, मला त्यांच्या हातातून घेतलं आणि दिव्याखाली धरून पाखराच्या मानेवर, पहिल्या भोकाच्या खालीच टेकवली. खर्र झालं. दुसऱ्यांदा माझा कण उडाला. पण खरं सांगते, या वेळेला ती पिन आणखी आत गेली असती तरी मी हूं की चूं केलं नसतं. "लावा आता तुमचं भिंग. बघा दोन्हीत काय फरक हाय त्यो."

सबनीसांनी भिंग लावलं. खूप वेळ लावलं. दोन्ही भोकं सारखीच होती, कडा सारख्या, ओरखड्याची दिशा सारखी.

मग ते हळू आवाजात म्हणाले, "सुईची खूण आहे हे खरं. पण तिच्याखाली मुळातच ठिपका नव्हता, हे कोण सांगणार? निगेटिव्ह आता सांगू शकत नाही. पक्षी जवळून बघितलेला माणूस एकच आहे." ते मास्तरांकडं वळले. "गुरुजी, तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी ठिपका बघितला होता का? तुम्ही हो म्हणालात तर आम्ही हिवाळ्यात जाणार. आणि पक्ष्याला तुमचं नाव लागणार."

बाळासो मास्तरांच्या कानाशी लागला. कुजबुजला, पण त्याची कुजबुज ती, पहिल्या चार रांगांना ऐकू गेली. "मास्तर, व्हय म्हणा. पेपरात आलंय, पेठेची अब्रू हाय. कोण बघाय जातंय तिकडं!"

बघा मित्रांनो. एक शब्द फक्त. सगळ्या जन्मात त्या माणसाला पाखरांशिवाय दुसरं काही नको होतं, पाखरांच्या पुस्तकात आपलं नाव यावं हे तर त्यानं स्वप्नातही मागितलं नव्हतं, आणि आता ते हाताच्या अंतरावर आलं होतं. मास्तरांनी पेटीतल्या चार पाखरांकडं बघितलं. मग गळ्यातला हार काढून खुर्चीवर ठेवला.

"न्हाई," ते म्हणाले. "ठिपका न्हवता. त्या दिवशीबी मला दिसला न्हवता. एवढ्या जवळ हुतो मी. पर कॅमेरा चुकत न्हाई म्हणून मी माझ्याच डोळ्याला खोटं पाडलं." त्यांनी पेटीवर हात ठेवला. "माझं पाखरू ते हेच. जुन्या नावाचं. पुस्तकात हाय ते. कुणी हुडकाय जायाचं कारण न्हाई."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पाठीमागं पोरांनी शिट्ट्या मारल्या. "तीट मास्तर! तीट मास्तर!" असा गलका झाला. सबनीसांनी पेटीचं झाकण लावलं आणि पाणी मागितलं. बाळासो आठ दिवस मास्तरांशी बोलला नाही.

चाँदबी स्टेजच्या पायरीवर बसून रडत होती. मास्तर तिच्याजवळ गेले. ती म्हणाली, "माझ्या हातानं झालं ओ, मास्तर."

"न्हाई भाभी," मास्तर म्हणाले. "तुम्ही माया केली. बंदूक मी धाडली, ह्या बोटांनी लिहून. नमुना म्हंजे काय त्ये इचारलं बी न्हाई."

पुढं मुंबईहून पत्र आलं की हिवाळ्याची मोहीम रद्द. मास्तर निवृत्त होईपर्यंत गारगोटीत पोरं त्यांना त्याच नावानं चिडवायची. त्यांनी कधी कुणाला मारलं नाही, रागावलेही नाहीत. चाँदबीनं सुई सोडली नाही, पण आधी आईला विचारायची, "लावू का?" आई व्हय म्हणाली तरच लावायची. मग रंगीत फोटो आले, रिटचिंगचं मेज माळ्यावर गेलं, आणि चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीच्या आसपास चांदी काढायला जुन्या निगेटिव्ह किलोवर विकत घेणारा माणूस दारात आला. माझ्या सगळ्या बहिणी, आगबोटीची, समुद्राची, केरबाच्या पोरांची, तागडीत गेल्या. मला तेवढं चाँदबीनं पोत्यातून ओढून काढलं आणि ट्रंकेत कपड्यांच्या घडीत ठेवलं. तिथंच मी आहे.

मित्रांनो, जुन्या निगेटिव्ह घरात असतील तर जपा. कोरड्या जागी ठेवा, बोटं लावू नका, मुंग्यांपासून सांभाळा. आणि जे डोळ्यांनी बघाल ते बघितलं तसंच सांगा. कुणी लाख म्हणेना का, मायेनंसुद्धा त्यात एक ठिपका वाढवू नका. तीट लेकराच्या गालाला शोभते, खऱ्याच्या गालाला शोभत नाही.

एक गोष्ट मात्र मला आजही चैन पडू देत नाही. त्या दिवशी स्टेजवर भिंगानं बघून झाल्यावर सबनीसांनी मला टेबलावर ठेवलं होतं, उघड्या पेटीच्या अगदी शेजारी. ती चार पाखरं माझ्यापासून वीतभर अंतरावर होती. माझ्यासमोर मान वाकडी करून बसलेलं, न भ्यालेलं माझं पाखरू त्यांत आहे का, हे मी जिवाच्या आकांतानं बघत होते. एकेक गाल बघितला, एकेक मान बघितली. मला ओळखता आलं नाही. होतं की नव्हतं, ते आता कुणीच सांगू शकणार नाही.